नाना टीव्ही ऐकतात

शेजारचे नाना कशालाच वाईट म्हणत नाहीत. माझं करपलेलं भरीत खाऊनही ‘धूरनी चव बेस शे’ म्हणाले.

त्यांची लेक टीव्हीवर गाणार होती आणि नेमकी नानांची ड्युटी धुळ्याच्या गाडीवर. ‘निश्चिंत जा नाना, माझ्याकडे अमेरिकेचा व्हिडिओ रेकॉर्डर आहे,’ मी ऐटीत म्हणालो. तिकडचं यंत्र आपलं प्रसारण धड टिपत नाही, हे मला कळलं ते नाना परतल्यावर, अख्ख्या गल्लीसमोर. पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पळत होत्या. लेक दिसेना, तिचा गळा तेवढा ऐकू येत होता.

नाना जरा वेळ पट्ट्यांकडे बघत राहिले. मग डोळे मिटून म्हणाले, ‘आवाज ते बेस शे ना भाऊ. पहिलेपासून लावा.’

लेक आता चोपड्याला सासरी असते. नाना अजूनही अधूनमधून ते रेकॉर्डिंग ऐकायला येतात आणि मी टीव्ही लावायच्या आधीच डोळे मिटून घेतात.