अळ्या आणि मी काढलेली बाई

ही हकीकत मी सहा वर्षं टाळली. मुलांना आणि सोसायटीत मी सांगितलं होतं की बाई हयगय करायची, म्हणून काढली. ते खोटं होतं.

माझ्या पत्नीला मधुमेह. टाचेची जखम आठ महिने भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाय कापायची वेळ येण्याआधी एक उपाय करू. मुद्दाम वाढवलेल्या, निर्जंतुक अळ्या जखमेवर सोडायच्या. त्या सडलेलं तेवढं खातात, चांगल्या मांसाला शिवत नाहीत. मी खुर्चीतून उठलोच. "माझ्या घरात हे चालणार नाही."

मी बहिणीकडे साताऱ्याला गेलो तेव्हा पत्नीने मला न सांगता अळ्या लावून घेतल्या.

तिला सांभाळायला मोरा बंदरावरून एक कोळीण यायची. मला मासळीचा वास सोसत नाही, म्हणून हात लिंबाने धुऊन आमच्या खारघरच्या घरात पाऊल टाकायची.

मी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परतलो. पत्नी झोपली होती. टाचेवरच्या जाळीखाली काहीतरी वळवळत होतं. मी जंतुनाशकाची बाटली उचलली, तशी बाईने माझं मनगट धरलं.

"काका, नका! डाक्टरांनीच सोडल्यात त्या. काकूंना इचारा!"

"तुमच्या घरात मासळी सडते, तुला कसली किळस? जखम कुजवलीस तिची! उद्यापासून येऊ नकोस!"

तिने हात सोडला. मी बाटली ओतली. पत्नी दचकून उठली आणि रडायला लागली. बाई पिशवी घेऊन निघून गेली.

डॉक्टरांनी पुन्हा अळ्या सोडल्या. या वेळी वरची पट्टी मी बदलत होतो. तिसऱ्या दिवशी जाळी काढली, तर खाली कोवळं लाल मांस.

"किती नीट काम केलं हो बिचाऱ्यांनी," पत्नी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मोऱ्याला जाऊन या."

पाय पूर्ण भरल्यावर गेलो. ती दारात बोंबील वाळत घालत होती. मला खुर्ची दिली.

"काकूंचा पाय कसा हाय?"

"भरला. जिना चढते आता."

"मंग! मी बोलत व्हते ना!" ती मोकळेपणी हसली. "च्या घ्या, निस्ता फुंकू नका."

उठताना मी म्हणालो, "चहा छान झाला होता."

म्हणायचं होतं ते असं: तू तिचा पाय वाचवत होतीस. मी तुझ्या घराला नावं ठेवली, आणि नंतर चार लोकांत तुझं नाव खराब केलं. मला माफ कर.