रिकाम्या पोटी ब्राह्मणपुरीला

माझी मान उजवीकडे वळायची थांबली तो बुधवार होता. नंदुरबारच्या बस स्थानकासमोर कुणीतरी हाक मारली, मी झटक्यात वळलो, आणि पुढचे दहा-अकरा दिवस जगाची उजवी बाजू पाहायची तर मला कमरेपासून आख्खं वळावं लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळ्याला पट्टा दिला आणि मोटारसायकल चालवू नका म्हणून सांगितलं. यातली शेवटची सूचना बायकोने मनावर घेतली.

मी एका दैनिकाचा वार्ताहर आहे. अक्कलकुवा आणि धडगाव हे दोन तालुके चौदा वर्षं माझ्याकडे आहेत आणि ते मोटारसायकलवरूनच होतात. महामार्गावर मागून ट्रक येतोय की नाही हे ज्याला बघता येत नाही त्याने तिकडे जाऊ नये, हे बायकोचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं. मी तिच्या स्कूटरवर मागे बसून शहरातल्या बातम्या गोळा करू लागलो. ती शिक्षिका आहे आणि तिची शाळा सकाळची असल्याने बातम्या दुपारनंतरच्याच मिळत. एका पत्रकार परिषदेत ती माझ्याआधी आत गेली आणि तिला पुढची खुर्ची मिळाली.

दुसऱ्या गुरुवारी संपादकांचा फोन आला.

“सोमवारी अक्कलकुव्याला जाणार का तुम्ही?”

“मान जरा...”

“मान राहू द्या. जाणार की नाही? नसाल तर दोन्ही तालुके शहाद्याच्या माणसाकडे देतो. आणि एकदा दिले की पुन्हा काढून घ्यायला बरं दिसत नाही.”

त्याच दिवशी मी ब्राह्मणपुरीच्या मालिशवाल्यांना फोन केला. मालिश हा त्यांचा धंदा नाही. ते केळीचे शेतकरी आहेत. शेतातल्या मोटारीला लाइट नसते तेवढ्याच वेळात ते माणसं घेतात, आणि तीही दिवसाला एक. त्या हप्त्यात लाइट दुपारी दोनला येत होती. मला शनिवारी अकराची वेळ मिळाली. तयारी काय करायची हे त्यांनी सांगितलं आणि मी सवयीने वहीत उतरवून घेतलं. गरम पाण्याने अंघोळ. अंगाला साबणाचा वास नको. गळ्यात चेन, माळ काही नको. जुना टॉवेल, जुनी चड्डी, कारण तेल मोहाच्या बियांचं असतं आणि त्याचे डाग जात नाहीत.

“आनि चार घंटा आगोदर पोटमा काहीच नको. पानी चालस. चहा नही, बिस्किट नही, तंबाखूनी पुडीबी नही. मी पोट दाबीसन देखस. खादेल माणूसले मी हात लावत नही. मागला हप्तामा एक सरपंचले परत धाडी दिन्हा.”

अडचण अशी होती की ब्राह्मणपुरी माझी सासुरवाडी आहे. आमच्या भागात मुलीच्या लग्नानंतर तिचा नवरा तिच्या घराचा जावई होतोच, पण गावाचाही होतो. गावच्या जावयाला चहासुद्धा न देता सोडणारं घर मी गेल्या एकवीस वर्षांत पाहिलेलं नाही. मालिशवाल्यांना मी नातं सांगितलं नाही. तशी बायकोची सूचनाच होती. “सांगाल, तर तासाभरात माझ्या आईला कळेल. आणि आईला कळलं की पुरण शिजेल.”

सासूबाईंना न कळवता जाऊन यायचं ठरलं. तरीही बायकोने नवीन बनियन आणि नवीन चड्डी आणली. जुनीच हवी असं वहीत लिहिलेलं मी तिला दाखवलं.

“माहेरच्या गावात तुम्ही भोकाचं बनियन घालून झोपणार?”

“दार बंद असेल.”

“ब्राह्मणपुरीत?”

नवीन अंगावर आणि जुनं पिशवीत, अशी तडजोड झाली. शनिवारी पावणेसातच्या आत तिने मला चार पोळ्या, वाटीभर मटकी आणि दूध दिलं. सात वाजता माझं तोंड बंद झालं. तिने शाळेला रजा टाकली होती. नऊला आम्ही निघालो, प्रकाशा गावच्या पुलावरून तापी ओलांडली, आणि गाव जवळ आल्यावर बायकोने स्कूटर शेतातल्या वाटेला घातली. मुख्य रस्ता सासऱ्यांच्या ओट्यासमोरून जातो. तिने डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने बांधला होता. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. ओळखायला काही जागा नव्हती.

वाटेत उजव्या हाताला कुणीतरी बांधावर उभं असल्यासारखं वाटलं. मी पाहिलं. म्हणजे कमरेपासून सगळा फिरलो, आणि स्कूटर हेलकावली.

“थांबा, थांबा!” बांधावरून बायकोचे चुलत काका खाली उतरले आणि माझ्या हेल्मेटात डोकावले. “मी म्हनं, हाई कोन शे, जो मान सोडीसन आखाच फिरस! जवाईबापू शेतस का? चला, मळामा चहा ठेवस.”

“काका, यास्ना उपास शे,” बायको म्हणाली. माझ्याशी ती जिल्हा परिषदेच्या शाळेची मराठी बोलते, गावात शिरली की अहिराणी.

“शनवारना का? मंग बरं झायं, केळा शेतस!”

त्यांनी केळं दिलंच, आणि तेही सोलून. न सोललेलं केळं खिशात ठेवता येतं. सोललेलं केळं हातात धरून मी पुढचं अंतर बायकोच्या मागे बसून कापलं. वळणाच्या आड गेल्यावर तिने ओढणी खाली केली, ते खाल्लं आणि पुन्हा बांधली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मालिशवाल्यांच्या दारात होतो. साठीचा, रुंद, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला खाटेवर आडवं केलं, बरगड्यांच्या खाली दोन बोटं रोवली आणि डोळे मिटले.

“पोट खाली शे,” ते म्हणाले. “एकदम खाली. असा माणूस महिनामा एखादाच येस.”

इतकं कौतुक मला कार्यालयात कधी मिळालेलं नाही. त्यांनी तळहातावर तेल घेतलं. अंगठा माझ्या मानेवर टेकला. तेवढ्यात त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या बायकोने पाणी पिण्यासाठी ओढणी सोडली.

“अवं माय! तू ते वरली गल्लीनी धाकली ना वं?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी खाटेकडे पाहिलं. “मंग हाई ते आपला जवाई शेतस!”

अंगठा उचलला गेला. बाई आत गेल्या आणि कढईचा आवाज आला.

“अवं, थांब!” मालिशवाले म्हणाले. “त्यास्नी खादं ते मी हात लावाव नही. मन्हा नेम शे.”

“गावना जवाई मन्हा घर येस नि कोरडा जास? उद्या पानीवर बाया माले काय म्हनतीन?”

“सरपंचले मी परत...”

“सरपंच कोना जवाई शे? नेम तुम्हना. घर मन्हं.”

एवढ्यावर वाद संपला. वीस मिनिटांत शिरा आला. तुपाची धार त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर सोडली. मालिशवाले समोर बसून, तेलाचे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून, माझा प्रत्येक घास पाहत होते. मी सावकाश खाल्लं, आणि त्यामुळे आणखी वाढलं गेलं. शेवटी त्यांनी न राहवून पुन्हा दोन बोटं रोवली.

“आते चार घंटा,” ते म्हणाले आणि हात पुसले.

साडेअकरा वाजले होते. चार तासांनी साडेतीन. दोनला लाइट येणार आणि ते बागेत जाणार. हा हिशोब मी मांडत असतानाच सासूबाई आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली याचा छडा मला अजून लागलेला नाही. त्या चप्पल न घालताच आल्या होत्या.

“मन्हा घरनी चूल इझी गयी व्हती का?” हे मुलीला. “तोंड बांधीसन मायना गावमा फिरस! नि जवाईले शिरा कोन खावाडस, ते दुसरा!”

त्यांनी माझी पिशवी उचलली आणि आम्ही मागे चालू लागलो. घरी पुरण शिजलं. जेवताना संपादकांचा फोन आला. त्यांना मी सांगितलं की उपचार सुरू आहेत.

सासूबाईंनी तो फोन ऐकला. बायकोने त्यांना दोन तालुक्यांचं सगळं सांगितलं. आतापर्यंत त्यांच्या लेखी ही मानेची बाब होती. आता ती जावयाच्या नोकरीची झाली. त्या उठून मालिशवाल्यांच्या घरी गेल्या आणि रविवारी सकाळी सहाची वेळ ठरवून आल्या. रात्रीचं जेवण तोवर जिरणार होतं. धोका होता तो पहाटेच्या चहाचा. सासऱ्यांच्या घरापासून मालिशवाल्यांपर्यंत सतरा दारं आहेत आणि त्या वेळी प्रत्येक दारात कपबशी असते.

“तुम्ही सांगा फक्त, की जावयाला देऊ नका,” मी सुचवलं.

“नही देवाव म्हनं तरी लोक देतीनच,” सासूबाई म्हणाल्या. “जवाई देखत ऱ्हायना नि आपन चहा पेवो, हाई कोले जमी? सहा वाजापावत हाई गल्लीमा चूलच पेटाव नही.”

त्यांनी संध्याकाळीच सतरा घरं फिरून तसं सांगितलं. एकानेही नाही म्हटलं नाही. रविवारी पाच वाजता मी उठलो तेव्हा घरातली नऊ माणसं जागी होती आणि कुणाच्याही हातात काही नव्हतं. सासरे अंगणात येरझाऱ्या घालत होते.

“मन्ही मान बरी शे,” ते म्हणाले. “माले मालिश नही. माले चहा द्या.”

“जवाई उपाशी नि तुम्ही चहा पिशात? देखाले कसं वाटी!”

“मी घरमा जाईसन पेस.”

“वास येस.”

पावणेसहाला मी निघालो. सतरा ओट्यांवर माणसं बसली होती. एरवी मला चारही बाजूंनी “या, बसा” असतं. त्या दिवशी लोक नुसतं पाहत होते. एक म्हातारे म्हणाले, “बापू, जरा पाय उचला.”

मालिशवाल्यांनीही चहा घेतलेला नव्हता. त्यांच्या बायकोने चूल थंड ठेवली होती. पोट दाबून त्यांनी फक्त मान हलवली. कौतुक केलं नाही. मालिश बारा मिनिटं चालली. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि दुसरं काही पाहण्यासारखं नसल्याने मी तेच पाहत होतो. सातव्या मिनिटाला उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. मी ओरडलो. बाहेर कुणीतरी म्हणालं, “झायं वाटस,” आणि पाठोपाठ तीन-चार ठिकाणी स्टोव्ह आणि गॅस पेटल्याचे आवाज आले.

मान उजव्या खांद्याच्या अलीकडपर्यंत वळत होती. “बाकी आठ दिनमा,” मालिशवाले म्हणाले आणि चहाला आत गेले.

परतीच्या वाटेवर मला अकरा घरी चहा घ्यावा लागला, त्यामुळे निघायला साडेदहा वाजले. स्कूटर चालवायला मी मागितली. बायकोने किल्ली दिली आणि मागे बसली. शहाद्याच्या रस्त्याला लागायच्या तोंडाशी मी थांबलो आणि मान उजवीकडे वळवली. केळीने भरलेला ट्रक येत होता. त्याला जाऊ दिलं. आरशात पाहिलं, तर तीही मान वळवून त्या ट्रककडेच पाहत होती.

“दिसला?” तिने विचारलं.

“दिसला.”

“नंबर?”

“एमएच एकोणचाळीस.”

“इथले सगळेच एकोणचाळीस असतात.” ट्रकचा धुरळा खाली बसला. “जा सोमवारी,” ती म्हणाली. “पण पोहोचल्यावर फोन करा.”