हळदीची रेघ

हे मी सहा वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. मधे नोकरी लागली, लग्न झालं — आणि हे आत तसंच.

नाशिकच्या एका कॉलेजात मी अळ्यांवर संशोधन करत होते. पिठात किडा होतो ना, त्याच्या अळ्या. कोंबड्यांचं खाद्य म्हणून त्या ट्रेमध्ये वाढवतात. नुसत्या गव्हाच्या कोंड्यापेक्षा काय घातलं तर त्या लवकर भरतील, हा माझा विषय. मैत्रिणी लग्नाचे शालू बघत होत्या तेव्हा मी अळ्यांची वजनं करत होते. हसा, मीही हसते.

तिथे झाडलोटीला ताराबाई होत्या, पेठ तालुक्याकडच्या. अळ्यांवर त्यांचा भारी जीव. "लेकरांनी खाल्लं का?" असं विचारायच्या. ट्रेंना मुंग्या लागू नयेत म्हणून त्या रॅकच्या पायांभोवती हळदीची रेघ ओढायच्या, आपण घरी ओढतो तशीच. मला ते माहीत होतं. हळद मीच आणून दिली होती — हे मुद्दाम सांगते आहे.

कोंड्यासोबत मी घड विरळ करताना काढून टाकलेली हिरवी द्राक्षं घालून बघत होते. ती निफाडच्या एका बागेतून आणायचे. एका सकाळी बागवाले काका म्हणाले, "पलीकडच्या ओळीतलं घेऊ नका ताई, कालच औषध मारलंय." अलीकडचा ढीग अगदीच लहान होता. बस सुटायला आली होती. आणि मी — पलीकडचंच घेतलं. धुतलं की झालं, म्हटलं. धुतलं तरी कुठे? एकदा नळाखाली धरलं आणि सगळ्या ट्रेंमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या काळ्या पडून मेलेल्या. सहा महिन्यांचं काम! माझ्या गाईड मॅडम दारात उभ्या, कशाने झालं म्हणून विचारत होत्या. मला कारण माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी माझं बोट त्या पिवळ्या रेघेकडे गेलं. "ताराबाईंनी काहीतरी टाकलंय," मी म्हणाले. बस, एवढंच. ताराबाईंनी रेघेकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं — आणि त्यांना ते खरं वाटलं. वाईट याचंच वाटतं. त्या भांडल्या नाहीत, रडल्या. त्याच आठवड्यात त्यांचं काम गेलं. मला पुढे पदवी मिळाली.

गेल्या शनिवारी मॅडमना सगळं लिहून पाठवलं आणि रविवारी पेठची एसटी धरली. ताराबाईंच्या पडवीत नागलीने भरलेली बांबूची कणगी होती. मुंग्यांची रांग थेट कणगीत चाललेली. हळद नाही का घालत, असं मी सहज विचारून गेले.

"नाय. माझ्या हळदीनं लय जीव मेलं. तवापासून रेघ नाय वढली."

मग मी सांगितलं. ओळ, ढीग, बस, बोट — सगळं. बोलून झालं तेव्हा छाती इतकी हलकी झाली की त्या हलकेपणाचीच लाज वाटली. पण हलकी झाली, ते लपवत नाही. खूप लपवून झालं.

ताराबाईंनी मुंग्यांच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे हळदीनं नव्हं?"

"नाही."

त्या आत गेल्या, हळदीचा डबा घेऊन आल्या आणि खाली बसून कणगीभोवती रेघ ओढू लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. चहाही विचारला नाही. रेघ पूर्ण होईपर्यंत मी उभी राहिले, मग चपला घालून निघाले.