काठावरच्या ओळी

माझी आत्या रागावली की आधी तिचं नाक बोलतं. “हंऽ.” एवढंच. मग तोंड उघडतं, आणि शेजारचे लोक रेडिओ बारीक करतात, कारण आमच्याकडचा कार्यक्रम जास्त चांगला असतो.

कारखान्यात तिला ‘तोफ’ म्हणतात. कारखाना म्हणजे एक लांबडी खोली, पत्र्याचं छप्पर, आणि जिकडे बघाल तिकडे उघड्यावाघड्या खुर्च्या. जुने सोफे इथे येतात, त्यांची सालं निघतात, पोटात नवा फोम भरला जातो आणि वरून नवं कापड चढतं. कापड चढवायला दोघी लागतात. एकीने गुडघा खुर्चीला लावून कापड ताणायचं, दुसरीने मशीनने लाकडात पिन मारायची. ताणणारी जरा ढिली पडली की सुरकुती. मग मालक येणार. मालक म्हणजे काडीएवढा माणूस, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात अशी करतो जणू आधी तासभर गप्पा झाल्यात. “बाकी काय, ही सुरकुती कोणाची?”

पिन मारायची आत्या. ताणायची बारकी.

बारकी दारातून वाकून आत येते, एवढी उंच. म्हणूनच बारकी. आवाज मात्र खरोखर बारीक, सायकलच्या ट्यूबला टाचणी टोचल्यासारखा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आत्याचं लग्नच झालं नाही. का झालं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या, एकमेकींचे कपडे शिवायच्या, आणि दिवसभर एकमेकींचा उद्धार करायच्या. आत्याला दुसरी मैत्रीण नाही. तोफेशी मैत्री करायला कान दणकट लागतात.

राहून गेलेली शाळेची परीक्षा द्यायची हे खूळ बारकीचं. संध्याकाळच्या वर्गात दोघींनी नाव घातलं. तिथले सर प्रत्येक वाक्यात स्वतःलाच प्रश्न विचारतात आणि स्वतःच पास होतात. “ही कविता म्हणजे काय, तर त्यागाची कविता. त्याग म्हणजे काय, तर प्रेमाची मोठी बहीण.” कविता जुनी, पाठ्यपुस्तकात सन्मानाने बसलेली. दोन मैत्रिणी आहेत. एक प्रियकराबरोबर नावेत बसून पलीकडे निघालीय, दुसरी काठावर नावेचा दोर धरून उभी आहे. एक ओळ नावेतलीची, एक ओळ काठावरचीची.

“दोर सोड गं, वारा फिरला, नाव थांबेना आता.”

“दोर सोडते, हात सोडू का, सांग निघता निघता.”

अशी बरीच लांब. तोंडी परीक्षेत ती सगळी, एकटीने, पाठ म्हणायची.

या दोघींनी ती कामावर पाठ केली. बारकी कापड ताणताना नावेतली ओळ म्हणायची, आत्या पिन मारताना काठावरची. ताण, ओळ. ठक्, ओळ. ताण, ओळ. ठक्, ओळ. महिनाभर. मालक म्हणाला, “बाकी काय, खुर्च्या भराभर होतायत, अजून एखादी कविता नाही का अभ्यासाला?”

मग एका दुपारी तोच मालक सहज म्हणाला, “बाकी काय, बारकी शनिवारनंतर नाही, तर तिच्या जागी कुणाला घ्यायचं?”

आत्याच्या हातातलं मशीन थांबलं. बारकी तेव्हा मागच्या दारात होती, फोमवाल्याचा टेम्पो रिकामा करून घेत. फोमवाला हा विधुर माणूस, कमी बोलणारा, पान न खाताही तोंडात पान असल्यासारखा. त्याने दुसऱ्या गावात दुकान घेतलं होतं आणि बारकी त्याच्याशी लग्न करून तिकडे चालली होती. मालकाला माहीत होतं. पलीकडच्या सुताराला माहीत होतं. चहा आणणाऱ्या बाईलाही माहीत होतं. आत्याला माहीत नव्हतं.

त्या दिवशी घरी आली ती नाकाने बोलतच. चपला अशा काढल्या की एक पलंगाखाली गेली.

“काय झालं, वन्सं?” आई भाजी निवडत होती.

“काही नाही. लोकांची लग्नं होतायत.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलंच आहे. मी कुठे वाईट म्हणतेय? पत्रिका छापा. बँड लावा. मला कळवायची काय गरज आहे, मी कोण?”

मग सगळं बाहेर आलं. बाबांनी पेपर खाली केला आणि चूक केली. म्हणाले, “अक्का, अगं तिला संकोच वाटला असेल.”

“संकोच? माझ्यासमोर बसून दातातलं काढते ती. संकोच कुठून आला?” मग एकदम तिच्या लक्षात काहीतरी आलं आणि आवाज खाली उतरला. तोफ हळू बोलायला लागली की आम्ही घाबरतो. “महिनाभर, माझ्या तोंडावर, ती मला सांगत होती दोर सोड. आणि मी मूर्खासारखी म्हणतेय, सोडते. वर विचारतेय, हात सोडू का. तिने ठरवलं होतं तेव्हा. सगळं ठरवून, माझ्याकडून वदवून घेत होती.”

दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. एकाच खुर्चीवर दोघी, एक ताणतेय, एक ठोकतेय, आणि मध्ये शब्द नाही. आत्या पिना अशा मारायची की खुर्चीने माफी मागावी. बारकी दोनदा म्हणाली, “अगं, ऐक तरी.” आत्या सुताराकडे बघून म्हणाली, “सांगा त्यांना, डावीकडून ढिलं आहे.” त्यांना. आदरार्थी. बारकीचा चेहरा पडला. शिव्या तिला चालायच्या. हे तिच्या जिव्हारी लागलं.

तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. आदल्या संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत कविता म्हणायला लागली. एक ओळ म्हणायची, थांबायची. मग दुसरी, पुन्हा थांबायची.

आई म्हणाली, “वन्सं, मध्येच का थांबताय?”

“मी कुठे थांबतेय? तीच बोलत नाहीये.”

मग स्वतःलाच ऐकू आलं आणि खुर्चीवर बसली. महिनाभर पाठ केलेल्या कवितेतली फक्त काठावरची बाई तिला येत होती. नावेतली सगळी बारकीच्या तोंडात राहिली होती.

“पुस्तक घे आणि तेवढ्या ओळी पाठ कर,” बाबा म्हणाले.

“मी नाही म्हणणार तिच्या ओळी.”

“अगं नापास होशील.”

“होईन. नापास होईन, पण तिची वकिली करणार नाही. ‘वारा फिरला’ म्हणे. वारा कशाला फिरेल? टेम्पो आला आणि ही चढली.”

मला राहवलं नाही. मी पुस्तक उचललं आणि बारकीच्या आवाजात वाचलं, “त्या काठाला घर बांधीन, दार ठेवीन उघडे.”

आई हसून हसून भाजीत पडायची राहिली. आत्या हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि तिची ओळ आपोआप तिच्या तोंडातून निघाली. “दार उघडे नि मधे पाणी, कोण येईल तिकडे.” आणि डोळे भरले, आणि ते भरले म्हणून आणखी राग आला, आणि पुस्तक माझ्या हातातून ओढून ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं. बराच वेळ आतून कुजबुज येत होती, कधी जाड आवाजात, कधी बारीक.

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेलो. वर्गाबाहेर एक लांब बाक होता. एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला बारकी, मध्ये मी, दोन देशांच्या सीमेवर ठेवलेल्या दगडासारखा. आत्याला आधी बोलावलं. दार लोटलेलं होतं, पण तोफेला दाराचं काय.

तिने कविता सुरू केली आणि बाक हलला, कारण बारकी ताठ झाली होती. नावेतली ओळ आत्या बारकीच्या आवाजात म्हणत होती. हुबेहूब. शेवटचा शब्द वर उचलायची सवय, मध्येच श्वास ओढणं, सगळं. आणि काठावरची ओळ स्वतःच्या आवाजात, अशी की नावेतल्या बाईने नाव सोडून पोहत परत यावं. नकला करायची खोड माझ्याकडे कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

“मी असं बोलते?” बारकीने मला विचारलं.

“तिने जरा मोठं केलंय. तुम्ही याहून बारीक बोलता.”

आत सरांनी शेवटचा प्रश्न विचारला. “या कवितेचा बोध काय, तर?” आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले.

“त्याग वगैरे काही नाही, सर,” आत्या म्हणाली. “ती दोर धरून उभी आहे, कारण तिला कुणी आधी सांगितलंच नाही. आधी सांगितलं असतं तर तिने नावेची फळी दुरुस्त करून दिली असती. शिदोरी बांधून दिली असती. त्या माणसाला दोन गोष्टी सुनावल्या असत्या. जायचं तर जावं. पण सगळ्यांना सांगून झाल्यावर उरलेल्यात मैत्रिणीला घालू नये.”

सर काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. आत्या बाहेर आली. बारकी उभी राहिली, आणि उभी राहिली की ती फारच उभी राहते.

“मी सांगत होते,” ती म्हणाली. “रोज सांगत होते. तुला सरळ सांगायला तोंड उघडलं की तू दुसरंच काही बोलायचीस. म्हणून तिथे सांगत होते.”

“कवितेत? कवितेत सांगतात का कुणी? मला वाटलं अभ्यास चाललाय.”

“तुला पहिल्यांदा सांगायला गेले तर तू म्हणालीस, फोमवाल्याचं तोंड वळकटीसारखं आहे.”

“आहेच.”

“आहे. पण मला आवडतं.”

“मग तसं म्हणायचं. ‘मला वळकटी आवडते.’ मी काय खाल्लं असतं तुला?”

“हो.”

आत्याचं नाक बोललं, “हंऽ.” तोंड उघडणार तेवढ्यात दारातून शिपाई डोकावला आणि बारकीला आत चला म्हणाला. बारकी जागची हलेना.

“मला तुझ्या ओळी येत नाहीत,” ती म्हणाली. “घरी बसले पाठ करायला. रडूच यायचं.”

“मग माझ्यासारखं ओरडून म्हण. मी ओरडते कशी ते ठाऊक आहे ना? नक्कल कर. आत जा आता.”

बारकी वाकून आत गेली. आतून थोड्या वेळाने जो आवाज आला तो तोफेचा मुळीच नव्हता, मांजराने तोफ व्हायचा प्रयत्न करावा तसा होता. आत्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. एका ओळीला बारकी अडली. आत्याचे ओठ हलले, पण तिने आवाज केला नाही. बारकीला ती ओळ सापडली.

ती बाहेर आल्यावर दोघी जिना उतरल्या त्या भांडतच. पहिल्या मजल्यावर फोमवाल्याच्या आईचा विषय निघाला, तळमजल्यावर गेल्या वर्षी परत न केलेल्या छत्रीचा. रस्त्यावर लोक वळून बघत होते. चौकात बारकीचा रस्ता वेगळा होता. ती थांबली, आत्याही थांबली, आणि तिने पर्समधून पेन काढून बारकीपुढे असं धरलं जणू पिनांचं मशीन आहे.

“नव्या घराचा पत्ता लिही,” आत्या म्हणाली. “माझं अजून निम्मं बोलून व्हायचंय.”