बिनआवाजाचा सॅक्सोफोन

सॅक्सोफोन मी बेळगावात गुरूशिवाय, शेजाऱ्यांच्या शिव्या खात शिकलो. बेंगळुरूत टीव्हीच्या एका कार्यक्रमात बँडचा प्रमुख झालो, तर तिथे संगीत आधीच रेकॉर्ड केलेलं! आम्ही नुसता अभिनय करायचा. चुकूनही सूर निघू नये म्हणून दिग्दर्शकाने माझ्या वाद्याची रीडच, म्हणजे तोंडाकडची सूर काढणारी पातळ पट्टीच, काढायला लावली. तिच्याशिवाय नुसती हवा जाते. यासाठी गाल फुगवले होते का मी?

एकदा बेंगळुरूतच कोरमंगला भागातल्या एका लग्नात वाजवायला गेलो आणि रीड स्टुडिओतच राहिली. ढोलवाला बडवत होता, मी घामाघूम होऊन तासभर हवा फुंकली. नवरीचे वडील हात जोडून म्हणाले, "अण्णा, अगदी टीव्हीसारखंच वाजवलंत!"

पुढच्या लग्नात मी रीड लावून जीव तोडून वाजवलं. लोकांनी विचारलं, "टीव्हीवाले अण्णा का नाही आले?"