माळ्याने फेकलेला निवडुंग

माथेरानच्या बंगल्यांना भाजी पुरवायचा धंदा मी डोक्यावर पाटी घेऊन सुरू केला. लोधिवलीहून पहाटे निघायचं आणि चौक गावाच्या बाजूची पायवाट चढायची. कुणाच्या वशिल्याने एकही गिऱ्हाईक मिळालं नाही.

एका बंगल्याच्या उकिरड्यावर लिंबाएवढा विलायती निवडुंग पडलेला दिसला. बुडाशी सडलेला. मी उचलला, तसा तिथला माळी हसला.

"ने रं. पण भाजीवाल्याच्या हातनं ते फुलायचं नाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात आजही धगधगतं.

घरी बायको म्हणाली, "अहो, बांधावर निवडुंग कमी हाय, म्हणून डोंगरावरनं आणलात?"

आम्ही भातशेतीवाले. पाणी आणि शेण मिळालं की झाड जगतं, एवढंच ठाऊक. मी रोज तांदळाचं धुवण घातलं, शेणखत दाबलं. महिन्याभरात झाड शिजल्यासारखं मऊ झालं. मग विळ्याने सडका भाग कापला, राख चोळली आणि शेंडा चुलीवरच्या फळीवर पंधरा दिवस सुकवला. फुटक्या मडक्यात कौलाचा चुरा आणि नदीची वाळू भरून त्यात रोवला. पावसाळाभर पडवीत, पाऊस अडवणाऱ्या गवताच्या झडीमागे ठेवला. सगळं शिवार पाण्यात उभं, आणि माझ्या झाडाला थेंब नाही! शेजारी येऊन हसून जात.

दुसऱ्या थंडीत बायकोनेच हाक मारली, "अहो, या की लवकर!" झाडाच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं उमललं होतं. धंद्यात पुढे पुष्कळ कमावलं, पण छाती अशी कधी फुगली नाही.

मडकं पाटीतल्या वांग्यांवर ठेवून मी तडक डोंगर चढलो. बंगल्याच्या बाईसाहेब फुलं पाहून थबकल्या. मी तोंड उघडायच्या आत माळी म्हणाला, "मीच जगवून दिलेलं ते, बाईसाहेब."

मडकं बाजूला ठेवून मी पाटी आपटली. दोन वांगी घरंगळत त्याच्या पायाशी गेली.

बाईंनी विचारलं, "याचं काय घेशील?"

"पैसे नकोत. झाड कुठे होतं, ते ह्यांनी सांगावं."

माळी पुटपुटला, "उकिरड्यावर."

"मोठ्यानं."

"उकिरड्यावर टाकलं होतं मी!"

सौदा झाला. झाडाच्या बुडाशी सुपारीएवढं पिल्लू फुटलं होतं. ते काढून मी बाईंच्या तळहातावर ठेवलं आणि मडकं परत पाटीत घातलं.

"आणि हे मोठं?"

"ते घरचं आहे, बाईसाहेब. या पिल्लाला पाणी तुम्हीच घाला. माळीबुवांना घालू देऊ नका."

बाई खळखळून हसल्या. दोन वर्षांनी त्यांच्याकडेही फूल आलं. आज माझ्या पडवीत त्याच वंशाची सात मडकी आहेत. माळी मात्र चौकच्या बाजारात अजून सांगतो, झाड मी दिलं म्हणून.

दिलं नव्हतं. फेकलं होतं.