मल्हारनं गाजवलेली व्यंकटची हार

मल्हार हा माझा पाठचा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे ह्यो गडी एवढा हुशार निघाला कुणावर, हे कुणी विचारायला नको.

दहावीला तो तीनदा बसला. गावातली बाकीची पोरं एकदाच बसून मोकळी झाली. मल्हारचा अभ्यास तिप्पट. ढोकीच्या नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय. दुकान म्हंजे टपरीच, पण ढोकीपासून येडशीपर्यंत तसली टपरी दुसरी न्हाय. उसाच्या ट्रॅक्टरखाली गेलेला मोबाइलसुद्धा त्यानं चालू करून दिलाय. आवाज तेवढा येत नव्हता, पण मालक म्हणला, "मुकादमाचेच फोन येत्यात, ऱ्हाऊ द्या तसंच."

मल्हारला येड एकच. जपानी मारामारीचं ॲनिमे. कार्टून म्हटलं की त्याला राग येतो. त्यातले गडी एकमेकाला डोंगरावर फेकत्यात, डोंगर फुटतो, गडी उठून परत बोलायला लागतो. मल्हार जेवताना बघायचा, अंघोळीचं पाणी तापेस्तोवर बघायचा. गाव हसायचं. हसू द्या. त्या बघण्यातून त्यानं जे हुडकून काढलं, ते जिल्ह्यात एकालाबी सुचलं नव्हतं.

त्याचं झालं असं. काच फुटलेले मोबाइल दुकानात यायचे, आन् प्वारांच्या मोबाइलवर लढाईतल्या गड्यांचे फोटो असायचे. मल्हारनं बघून बघून ध्यानात घेतलं, की सगळ्यात ताकदवान गडी कुणाच्याच मोबाइलवर न्हाय. ज्याचा एक डोळा सुजलाय, व्हटातून रगत आलंय, हाताला चिंध्या बांधल्यात, त्याचाच फोटो. कुणाच्या मोबाइलवर तर शत्रू होता. पण त्यो बी कसा, बारकेपणी आय गेल्याला, पावसात एकटा हुबा. मल्हारनं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं: लोक जिंकणाऱ्याला टाळ्या वाजवत्यात, पण खिशात घेऊन फिरत्यात हरल्याला.

ही अक्कल कामाला आली ती लिंबाजी वस्तादांमुळं.

लिंबाजी वस्ताद म्हंजे गावच्या तालमीचे वस्ताद. वय पंच्याहत्तर, कान फुटक्या भज्यासारखे, आवाज अजून खणखणीत. मल्हार बारकेपणी त्यांच्या तालमीत चार दिवस गेला हुता. पाचव्या दिवशी मान आखडली म्हणून सुटलं, पण त्या चार दिवसांत वस्तादांनी जीव लावला. आता तालमीत येणारा पैलवान एकच उरला हुता: व्यंकट, मल्हारचा चुलतभाऊ. दिवसा मेंढरं राखायचा, सकाळ-संध्याकाळ लाल मातीत घुमायचा, आन् दर साली गावच्या जत्रेत न चुकता हरायचा. सात साल झाले.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष योगीराजशेठ. त्यांनी वस्तादांना सांगितलं, "वस्ताद, एका पैलवानासाठी तालीम अडवून ठिवायची म्हंजे काय? जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली द्या. मांडवाचं सामान ठिवायला जागा न्हाय. हां, तवर प्वारं आली तालमीत, तर माझं कायबी म्हणणं न्हाय."

वस्ताद मल्हारच्या टपरीवर येऊन बसले. किल्ली कंबरेच्या करगोट्याला बांधलेली.

"मल्हारी, प्वारं ह्या मोबाइलात काय बघत्यात, दाव मला."

मल्हारनं दावलं. वस्तादांनी चष्मा लावून धा मिंटं बघितलं.

"ह्यो एवढा वेळ नुसतं बोलायलाय. धरंना का?"

"त्याची कहाणी सांगायलाय, वस्ताद."

"शत्रूला? आन् त्यो ऐकून घेतोय?"

"घेतो की. चांगलं वळण हाय त्येला."

"वारं न्हाय, मग केस कशानं उडायलेत?"

"जिद्दीनं."

वस्तादांनी आपल्या टकलावर हात फिरवला. "मग आमची जिद्द दिसायची कशी रं?"

"तेच सांगतो. गेल्या साली आपल्या माईकवाल्यानं दुपारपातुर एकोणीस वाघ सोडले मैदानात. ह्यो उमरग्याचा ढाण्या वाघ, ह्यो ढोकीचा पट्टेरी वाघ. येडशीच्या जंगलात बी तेवढे निघायचे न्हाईत. सगळेच वाघ म्हटल्यावर बघणाऱ्यानं जीव कुणावर लावायचा? मारामारी कुणी बघत न्हाय, वस्ताद. पडलेला गडी कशापायी उठतोय, ते बघत्यात. औंदा माईक माझ्या हातात द्या."

वस्तादांनी दिला. दुसरा कुणी मागतच नव्हता.

मल्हारनं आठ दिवस व्यंकटची तयारी करून घेतली. जोर-बैठका न्हाईत, त्या वस्तादांकडं. मल्हारकडं रुबाब. कोपरापातुर चिंध्या बांधायच्या. समोरच्याकडं मान वाकडी करून बघायचं. आन् सगळ्यात मोठी गोष्ट, डाव मारायच्या आदी त्याचं नाव वरडायचं.

"पण आदीच सांगितलं तर त्यो सावध हुईल की," व्यंकट म्हणला.

"हुऊ दे. जपानात सगळे सांगूनच मारत्यात."

व्यंकट भोळा. दहावीला तीनदा बसलेला माणूस वाईट कशाला सांगंल, असं त्याला वाटलं.

जत्रेच्या दिवशी शाळेच्या मैदानात माती उकरली, हलगी कडाडली. माणसं मागल्या सालाएवढीच. प्वारं शाळेच्या कुसवाच्या भिंतीवर बसून मोबाइलात माना घालून. व्यंकटची जोड लागली उमरग्याच्या शिवपुत्र पैलवानाशी. शिवपुत्र म्हंजे देवळाचा खांब. मल्हारनं टेबलामागं हुबा राहून माईक तोंडाला लावला.

"मंडळी, ह्यो आमचा व्यंकट. वाघ न्हाय. मेंढरं राखतो. ह्याच मातीत सात साल सात वेळा हरलाय."

कुसवावरची दोन-चार डोकी वर झाली. माईकवर असलं कुणी बोलत नसतंय.

"पाठ लागली की मातीचा डाग पाठीवर बसतो. तो आईला दिसू नये म्हणून व्यंकट गावातनं घरी जात न्हाय. मागच्या रानातनं, वड्याच्या वगळीतनं, अंधार पडल्यावर जातो. घरी गेला की माझी चुलती नागूबाई इचारत न्हाय जिंकला का हरला. पाणी तापवते, पाठ चोळते. सात साल झाले, त्या माउलीनं एक शबुद इचारला न्हाय."

हलगीवाल्याचा हात थांबला. व्यंकटचं तोंड लालबुंद. बायका शाळेच्या वट्यावर बसल्या हुत्या, त्यात नागूबाई. तिनं पदर तोंडाला लावला. व्यंकटला न इचारता घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली, हे मल्हारला आता कळलं. पण माईकमधून गेलेलं माघारी येत न्हाय.

"कलाजंग!" व्यंकट वरडला.

शिवपुत्र कलाजंगाच्या बंदोबस्तानं हुबा राहिला. व्यंकट तोंडावर आपटला. उठला.

"ढाक!"

ढाकंचा बी बंदोबस्त झाला. परत तोंडावर. परत उठला.

"गड्या, सावकाश सांग, घाई न्हाय मला," शिवपुत्र म्हणला. लोक हसले. पण व्यंकट तिसऱ्यांदा उठला, आन् मल्हार माईकवर एवढंच म्हणला, "उठला." चौथ्यांदा उठला. "उठला." पाचव्यांदा माईकची गरज लागली न्हाय. कुसवावरची सगळी प्वारं मोबाइल खिशात घालून वरडली, "उठलाऽऽ!"

दर साली दोन मिंटात उताणा पडणारा व्यंकट औंदा वीस मिंटं हटला न्हाय. वस्ताद खुर्ची सोडून हुबे राहिलेले. शेवटी व्यंकट वरडला, "झोळी!" आन् शिवपुत्रानं त्याचीच झोळी केली. पाठ लागली. आठवी हार.

प्वारं मैदानात घुसली. त्यांनी व्यंकटला खांद्यावर घेतलं. शिवपुत्र फेटा बांधून बाजूला एकटाच हुबा. तो तरातरा टेबलापाशी आला.

"ओ माईकवाले! जिंकलो मी. आन् खांद्यावर त्यो?"

"पैलवान, तुमची काई दुखरी गोष्ट हाय का?"

शिवपुत्रानं लई इचार केला. "न्हाय बा. घरी चार म्हशी हायत. आय-बाप हायत. सासुरवाडीचे बी बरे हायत."

"मग अवघड हाय," मल्हार म्हणला.

व्यंकट खांद्यावरनं उतरून मल्हारम्होरं आला. डोळं भरल्यालं. "मल्हाऱ्या, आयचं कशापायी काढलंस रं? आता म्या घरी कुठनं जाऊ?"

मल्हारनं माईक बंद करून टेबलावर ठिवला.

तवर नागूबाई गर्दीतनं वाट काढत आली. "काढलं तर काढलं. मला काय कळत नव्हतं व्हय? इकडं कर पाठ." आन् सगळ्या गावादेखत तिनं पदरानं लेकाची पाठ पुसली. कितीतरी गड्यांच्या डोळ्यांत त्या टायमाला माती गेली.

योगीराजशेठनी मल्हारला शाळेच्या खांबामागं घेतलं. "लेका, पुढच्या निवडणुकीत माझी बी एखादी हार सांग की."

"शेठ, तुमी तीनदा बिनविरोध. हरलाव कवा?"

"बारकेपणी गोट्यांत हरलो हुतो."

"रडला हुता का?"

"न्हाय. त्या प्वाराच्या गोट्या हिसकून घेतल्या."

"मग ऱ्हाऊ द्या," मल्हार म्हणला. असं तोंडावर सांगायला छाती लागते.

पण किल्लीचं शेठनी सोडलं नव्हतं. "वरडायला सगळे वरडत्यात," ते जाताजाता म्हणले. "मातीत कोण उतरतंय ते बघू. सकाळी येतो सामान घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिस उगवायला मल्हार तालमीकडं निघाला. वस्तादांच्या हातातनं किल्ली जाताना त्यांच्याजवळ कुणीतरी असावं, एवढंच त्याच्या मनात. दारात शेठचा टेम्पो हुबा, त्यात मांडवाचे बांबू. आन् आतनं आरडाओरडा.

आत तेवीस प्वारं. सगळ्यांच्या हाताला कोपरापातुर चिंध्या. कुणी आयच्या लुगड्याच्या, कुणी शाळेच्या टायच्या. मधी व्यंकट त्यांना मातीत ताक कसं मिसळायचं ते दावायलेला. कोपऱ्यात शिवपुत्र मांडी घालून बसलेला. काल उमरग्याची शेवटची गाडी त्यानं मुद्दाम सोडली हुती. दुखरी गोष्ट हुईस्तोवर इथंच ऱ्हातो म्हणला.

योगीराजशेठनी तेवीस डोकी दोनदा मोजली आन् टेम्पोवाल्याला हात केला. टेम्पो माघारी फिरला.

वस्तादांनी किल्ली करगोट्याला परत बांधली आन् पयली जोड लावली. दोन प्वारं समोरासमोर आली. एक वरडला, "ढाक!" आन् न धरताच उताणा पडला. दुसरा त्याच्याआदी पडला हुता. दोघं बी पडल्या पडल्या दाराकडं बघायलेले, माईक आलाय का म्हणून.

दुसरी जोड तशीच. तिसरी तशीच. लिंबाजी वस्तादांनी डोक्याला हात लावला आन् दारात हुब्या मल्हारकडं बघून गरजले:

"मल्हाऱ्या, तुझ्या जपानात कुणी जिंकत बी असंल की रं! ते बी सांग ह्यांना!"

मल्हारनं चपला काढल्या आन् मातीत उतरला.